ताऱ्यांचे वाचन आणि हौशी नाविक

उपग्रहांच्या साहाय्याने स्वतःचे स्थान क्षणार्धात आणि काही मीटरांच्या अचूकतेने कळू लागल्यानंतर, केवळ हौसेखातर शिडाची नौका घेऊन समुद्रावर जाणाऱ्या माणसाने सूर्यचंद्र व तारे यांचे वेध घेऊन मार्ग काढण्याची जुनी विद्या शिकावी काय, हा प्रश्न वरवर पाहता नौकाविहार मंडळांच्या बैठकीत चर्चिला जाण्याजोगा आहे. भारतीय भाषांच्या अभ्यासकांसाठी निघणाऱ्या नियतकालिकात त्याला जागा कशासाठी, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे असे की, हा प्रश्न आपलाही आहे. ज्या विद्येचा अभ्यास थांबतो, तिचे ग्रंथ जवळ असूनही वाचता येईनासे होतात. आणि ग्रंथ वाचता येतो की नाही, ही तर आपल्याच व्यवसायाची चिंता आहे.

प्रथम, या विद्येच्या बाजूने नेहमी जो युक्तिवाद केला जातो त्याचे मूल्यमापन केले पाहिजे. विजेवर चालणारी उपकरणे बंद पडतात, खाऱ्या पाण्याने गंजतात, उपग्रहांचे संकेत कोणीही अडवू किंवा फसवू शकतो; तारे मात्र कोणी बंद करू शकत नाही, म्हणून सेक्स्टंट जवळ असावा, असे सांगण्यात येते. यात तथ्य नाही असे नाही. अमेरिकेच्या नाविक प्रबोधिनीने खगोलीय मार्गनिर्देशनाचे शिक्षण एकदा वगळले होते, ते २०१५ साली पुन्हा सुरू केले. बाल्टिक व काळ्या समुद्राच्या परिसरात उपग्रहसंकेतांत जाणूनबुजून व्यत्यय आणला जात असल्याचा अनुभव अलीकडच्या काळात जहाजांना वारंवार आला आहे. व्यापारी जहाजांवरील अधिकाऱ्यांना आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ही विद्या आजही शिकावी लागते. युद्धनौका आणि मालवाहू जहाजे यांच्यापुरता हा युक्तिवाद पुरेसा आहे.

परंतु हौशी नाविकाला तो लागू करताना प्रामाणिक राहिले पाहिजे. अमेरिकेची उपग्रहप्रणाली १९९५ साली पूर्ण क्षमतेने चालू झाली. तिच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकण्यात आली. तेव्हापासून तळहातावर मावणारी दोन जादा यंत्रे आणि काही सुकी बॅटरी एवढी तरतूद बहुतेक संकटांना पुरते. उलट, निष्णात हातातील सेक्स्टंटही एकदोन सागरी मैलांपलीकडे अचूकता देत नाही; लहान नौकेच्या हेलकाव्यात ती आणखी घटते, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने आकाशच दिसत नाही. मुंबईहून मांडव्याला किंवा अलिबागला जाऊन येणाऱ्याला तर डोळे आणि होकायंत्र एवढे पुष्कळ आहे. उपयुक्तता हीच कसोटी मानली तर हौशी नाविकाच्या बाबतीत सेक्स्टंटचा पक्ष दुबळा ठरतो.

या दुबळेपणाचे उदाहरण आपल्याच देशातील एका थोर पराक्रमात आहे. २०१८ साली एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची जी 'गोल्डन ग्लोब' शर्यत झाली, तिच्या नियमांप्रमाणे स्पर्धकांना उपग्रहावरून स्थान पाहण्यास मनाई होती. सेक्स्टंट, कागदी नकाशे आणि घड्याळ यांवरच भिस्त ठेवायची होती. नौदलातील अभिलाष टोमी गोव्यात बांधलेल्या 'तुरीया' या नौकेतून तीत उतरले. दक्षिण हिंदी महासागरात २१ सप्टेंबर रोजी वादळाने त्यांच्या डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. तोवर ते कोठे आहेत हे जगाला कळत होते ते ताऱ्यांमुळे नव्हे, उपग्रहांमुळे. पुढे हेच टोमी २०२२ साली सुरू झालेल्या त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरे आले. प्राण ज्या साधनाने वाचले त्याचे ऋण मान्य करूनही जो माणूस पुन्हा ताऱ्यांकडे वळतो, त्याच्या वळण्याचे कारण सुरक्षिततेत शोधून सापडणार नाही. ते अन्यत्र शोधले पाहिजे.

ते शोधण्यास कोलकात्याइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. येथील एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८३४ ते १८३८ या वर्षांत 'मुहीत' या तुर्की ग्रंथाचे उतारे इंग्रजीत प्रसिद्ध झाले. हिंदी महासागरातील मार्गनिर्देशनावरील हा ग्रंथ सिदी अली या तुर्की नौकाधिपतीने १५५४ साली अहमदाबादेत लिहिला. त्याचा मुख्य आधार इब्न माजिद आणि सुलेमान अल-महरी या अरब नावाड्यांचे ग्रंथ. अरबीतून तुर्कीत, तुर्कीतून व्हिएन्नाच्या योसेफ फॉन हामर या पंडिताच्या हस्ते इंग्रजीत, आणि तेथून हुगळीकाठच्या छापखान्यात असा प्रवास करून आलेला हा मजकूर सोसायटीचे सचिव जेम्स प्रिन्सेप यांच्या हाती पडला. त्यात ताऱ्यांची उंची अंशांत दिलेली नव्हती. ती 'इस्बा' या मापात होती. इस्बा म्हणजे अंगुळ. हे अंगुळ आकाशात मोजायचे कसे, हे शब्दकोशाला सांगता येत नव्हते.

प्रिन्सेप यांनी त्यावर जे केले ते साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यांनी कलकत्त्याच्या बंदरात येणाऱ्या नावाड्यांकडे चौकशी केली आणि त्यांच्याकडून मिळालेल्या माहितीवर १८३६ साली एक टिपण प्रसिद्ध केले. त्यात ज्या साधनाचे वर्णन आहे ते 'कमाल' या नावाने ओळखले जाते. एक लहानशी चौकोनी फळी, तिच्या मध्यातून ओवलेली दोरी, आणि दोरीला ठरावीक अंतरांवर मारलेल्या गाठी. गाठ दातांत धरायची, दोरी ताणायची, फळीची खालची कड क्षितिजावर टेकवायची आणि वरची कड ध्रुवताऱ्याला लागते का ते पाहायचे. प्रत्येक बंदराची एक गाठ. ती गाठ जुळली की त्या बंदराच्या अक्षांशावर आपण आलो असे समजून पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे वळायचे. एक इस्बा सुमारे एक अंश सदतीस कला एवढा भरतो. त्या हिशेबाने मुंबईहून कोलकात्यास आलेल्या माणसाला ध्रुवतारा साधारण सव्वादोन अंगुळे वर चढलेला दिसतो.

याच प्रिन्सेप यांनी याच काळात ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. त्याचे अखेरचे यश १८३७ सालचे. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे फरक स्पष्ट होतो. ब्राह्मी वाचणारा एकही जिवंत माणूस उरलेला नव्हता, म्हणून नाणी, शिलालेख आणि अक्षरांची वारंवारता यांच्या आधारे कित्येक वर्षे चिकाटीने झगडावे लागले. कमाल वापरणारा माणूस मात्र गोदीत नांगर टाकून बसलेला होता. त्याला विचारणे पुरेसे होते. त्या नावाड्याने दातांत धरलेली दोरी ही त्या ग्रंथावरची टीका होती. ती टीका कोणत्याही हस्तलिखिताच्या समासात लिहिलेली नाही. ती केवळ करून दाखवण्यात जिवंत होती. आज तसा नावाडी आपल्या गोदीत येत नाही. लक्षद्वीपच्या आणि कच्छच्या दर्यावर्दींकडे ज्या पोथ्या होत्या, त्यांचा आणि त्यांच्या परंपरागत ज्ञानाचा शोध मुंबई विद्यापीठातील भूगोलाचे प्राध्यापक बी. अरुणाचलम यांनी घेतला, तो अगदी वेळेवर. जुन्या पिढीतील जाणती माणसे तेव्हा अद्याप बोलत होती. यापुढे ज्याला या पोथ्या वाचावयाच्या असतील त्याला ती सोय नाही. आपण हळूहळू नावाड्याच्या युगातून ब्राह्मीच्या युगाकडे सरकत आहोत, आणि हे सरकणे थांबवण्याचा एकच मार्ग आहे: कोणीतरी ती दोरी दातांत धरत राहिले पाहिजे.

भाषेच्या अंगानेही याची प्रचीती येते. समुद्राच्या शब्दसंपत्तीत आपल्या भाषा एकमेकींच्या जितक्या जवळ आहेत तितक्या त्या जमिनीवर क्वचितच असतात. कोकणातला 'नाखवा' आणि कोलकात्याच्या प्रसिद्ध नाखुदा मशिदीच्या नावातील 'नाखुदा' हा एकच फारसी शब्द. शिवकालीन आरमारातील 'दर्यासारंग' या पदवीतला 'सारंग' आणि शहीदुल्ला कायसर यांच्या 'सारेंग बौ' या १९६२ च्या बंगाली कादंबरीच्या शीर्षकातला 'सारेंग' हे सख्खे भाऊ. अरबी 'सुक्कान' मराठीत 'सुकाणू' होऊन साधन राहिला. बंगालीत त्यापासून झालेला 'सुकानी' मात्र ते साधन धरणारा माणूस झाला. कच्छी खलाशी मार्ग दाखवणाऱ्याला 'मालम' म्हणतात. तो शब्द अरबी 'मुअल्लिम' म्हणजे शिक्षक यावरून आलेला आहे. तारे वाचणारा तो गुरू, ही कल्पना त्या एका शब्दात साठवलेली आहे.

आता या शब्दांचे काय होत आहे ते पाहावे. भारताच्या स्वतःच्या उपग्रहप्रणालीला २०१६ साली 'नाविक' हे नाव देण्यात आले. इंग्रजी शब्दांच्या संक्षेपातून ते साधले आहे, आणि त्यातील अखेरच्या शब्दाचा मूळ अर्थ तारकासमूह असा आहे. नाव समर्पक आहे यात वाद नाही. पण हजारो वर्षे जो शब्द माणसाचा वाचक होता तो यंत्रसमूहाचा वाचक झाला, आणि माणसांनी केलेले तारकासमूह जाऊन माणसांनी सोडलेल्या उपग्रहांचा तारकासमूह आला, ही अर्थांतराची घटना कोशकाराने नोंदवून ठेवावी एवढी लक्षणीय आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. ज्याला आपण परंपरागत म्हणतो ती विद्या नेमकी कोणती? सेक्स्टंटचा पूर्वज १७३१ साली इंग्लंडात हॅडलीने दाखवला. रेखांश काढण्याजोगे समुद्री घड्याळ हॅरिसनने १७६० च्या सुमारास सिद्ध केले. १७६७ पासूनचे इंग्रजी नाविक पंचांग हे तिसरे अंग. मध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजली की अक्षांश मिळतो, आणि घड्याळात चार सेकंदांची चूक झाली की रेखांशात एका कलेची चूक होते, हा सर्व हिशेब युरोपीय विज्ञानाचा आहे; त्याच्या बळावर साम्राज्ये उभी राहिली. मग त्याला आपली परंपरा म्हणून कवटाळावे कशासाठी? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर कोलकात्यातच मिळते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ साली अहवाल दिला. त्याच सुमारास येथे नाविक पंचांगाचा विभाग सुरू झाला आणि १९५८ सालापासून भारताचे स्वतःचे खगोलीय व नाविक पंचांग निघू लागले. समितीचे सचिव निर्मलचंद्र लाहिरी यांच्याबरोबर तीत नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे मराठी पंडित होते. समितीचे आणखी एक सदस्य रा. वि. वैद्य यांनी पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ च्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या मराठी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला, आणि तो १९६९ व १९८१ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. दीक्षितांना वाचणारे पंडित आणि जहाजांसाठी ग्रहस्थिती मोजणारे गणितज्ञ येथे एकाच मेजाभोवती बसले. उसनी आणलेली विद्या अशा रीतीने घरची होते. त्या कार्यालयाचे राष्ट्रीय पंचांग आजही मराठीसह चौदा भाषांत निघते. खगोलीय ग्रंथाच्या नावातून मात्र 'नाविक' या अर्थाचा शब्द पुढे गळून पडला.

हौशी नाविकांचा आणि या प्रश्नाचा संबंध १९६९ या एका वर्षात फार ठळकपणे दिसतो. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पिनाकी रंजन चटर्जी आणि जॉर्ज अल्बर्ट ड्यूक हे दोघे कलकत्त्याहून वल्ह्यांच्या होडीतून निघाले आणि महिन्याभराहून थोड्या अधिक काळात अंदमानला पोहोचले. त्या होडीचे नाव होते 'कानोजी आंग्रे'. हुगळीतून निघालेल्या होडीला कुलाब्याच्या सरखेलांचे नाव द्यावेसे वाटले, ही गोष्ट मराठी वाचकाला सुखावणारी आहेच. पण तिचा खरा अर्थ असा की, समुद्राची परंपरा प्रांताच्या सीमा मानत नाही. त्याच वर्षी २२ एप्रिलला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 'सुहेली' नौकेतून एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून इंग्लंडला पोहोचले. असे करणारे ते पहिले. वाटेत त्यांचा रेडिओ बंद पडला होता. सेक्स्टंट, घड्याळ आणि पंचांग यांवर त्यांनी निभावून नेले. ती सागवानी नौका मुंबईच्या सुतारांनी बांधलेली होती. 'सुहेली' हे आखातातील एका वाऱ्याचे नाव, आणि ते सुहेल ताऱ्याशी जोडलेले. सुहेल म्हणजे आपला अगस्ती. अरबस्तानात त्याचा उदय उन्हाळ्याचा कहर ओसरल्याची खूण मानतात. आपल्याकडे पंचांगात अगस्त्योदय नोंदवतात तो पावसाळ्याच्या उतरणीला. समुद्र प्राशन करणाऱ्या ऋषीचा तारा समुद्र मोकळा झाल्याची वर्दी देतो, हे केवळ ग्रंथांतून वाचणाऱ्याला रूपक वाटते; त्या दिवसांत नौका पाण्यात लोटणाऱ्याला ते वेळापत्रक असते. आणि त्याच वर्षीच्या जुलैत चंद्रावर उतरलेल्या मोहिमेच्या यानातही ताऱ्यांचे वेध घेण्यासाठी सेक्स्टंट बसवलेला होता.

दुसरे उदाहरण प्रशांत महासागरातील आहे. हवाई बेटांत पूर्वजांची तारे पाहून दूरवर जाण्याची विद्या नष्ट झाली होती. १९७६ साली 'होकुलेआ' ही जोडहोडी हवाईहून ताहितीला कोणत्याही उपकरणाविना गेली, तेव्हा मार्ग दाखवण्यासाठी मायक्रोनेशियातील सातावाल बेटावरून माउ पियाइलुग यांना बोलवावे लागले. माउंनी पुढे आपल्या समाजाबाहेरच्या हवाईयन तरुणांना ती विद्या शिकवली, आणि १९८० साली नैनोआ थॉम्पसन यांनी तसाच प्रवास करून दाखवला. हे तरुण मासे पकडून पोट भरणारे नव्हते. उदरनिर्वाहासाठी ज्यांना त्या विद्येची गरज नव्हती त्यांनी ती उचलली, आणि तिच्याबरोबर जुनी गीते व ताऱ्यांची नावे पुन्हा अर्थपूर्ण झाली. आपल्याकडे अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून शिवलेल्या फळ्यांचे जहाज गोव्यात पुन्हा उभे राहिले आणि २०२५ च्या मे महिन्यात कारवार येथे 'कौंडिण्य' या नावाने नौदलात आले. हे काम मोठेच आहे. परंतु चित्रावरून लाकूड आणि दोर यांची पुनर्रचना होऊ शकते. त्या जहाजावरचा माणूस रात्री वर पाहून काय वाचत होता, ते चित्रात उतरलेले नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग ही जबाबदारी कोळ्यांवर टाकावी. परंपरा त्यांची आहे. हे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. कोळी बांधवांच्या ज्ञानाचा जो भाग आजही उपयोगाचा आहे तो त्यांनी सोडलेला नाही. तिथीच्या पाऊणपट केले की मुंबईच्या भरतीची वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, हा तोंडी हिशेब अजून चालतो. तो हुगळीला लावून पाहिला तर चुकतो, कारण येथे भरती नदीतून चढत येते, आणि यावरून असे ज्ञान स्थळाशी किती घट्ट बांधलेले असते तेही कळते. मात्र ज्याची होडी कर्जाने घेतलेली आहे, ज्याला डिझेलचा आणि बर्फाचा खर्च सोसायचा आहे, त्याने उपग्रहयंत्र वापरले तर त्याला परंपराद्रोही म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. आपले हस्तसंग्रह समृद्ध व्हावेत म्हणून दुसऱ्याने धोका पत्करून जुन्या पद्धतीने जगावे, ही अपेक्षा विद्वत्तेची नव्हे, मालकीची आहे. अनावश्यक झालेल्या विद्येचा भार ज्याच्याकडे फुरसत आणि साधने आहेत त्यानेच वाहिला पाहिजे. शिडाची नौका हा आपल्या देशात सुखवस्तूंचा छंद आहे हे खरे. पण म्हणूनच हे कर्तव्य त्यांच्याकडे येते.

'हौशी' या शब्दाला आपण अलीकडे थोडी हेटाळणीची छटा दिली आहे. मराठी रंगभूमीचा इतिहास ज्याला ठाऊक आहे तो असे करणार नाही. व्यावसायिक नाटक जेव्हा तिकीटविक्रीच्या हिशेबात अडकले, तेव्हा प्रयोगाची जोखीम हौशी मंडळींनी उचलली. पोट त्यावर अवलंबून नसणे हेच त्यांचे बळ होते. गरज संपलेली विद्या व्यावसायिक टाकून देतो, आणि त्याने ती टाकणेच योग्य असते. हौशी माणूस ती उचलून घेऊ शकतो, कारण तिच्याकडून त्याला काही मिळवायचे नसते.

या विद्येत आणि आपल्या विद्येत आणखी एक साम्य आहे. तीन ताऱ्यांचे वेध घेतले की नकाशावर तीन रेषा येतात. सिद्धांताप्रमाणे त्या एका बिंदूत छेदावयास हव्यात. प्रत्यक्षात त्या जवळजवळ कधीच छेदत नाहीत, आणि एक लहानसा त्रिकोण उरतो. त्या त्रिकोणात आपण नेमके कोठे आहोत हे नाविकाला ठरवावे लागते: कोणता वेध ढगांच्या फटीतून घाईने घेतला, कोणत्या वेळी क्षितिज धूसर होते, जवळ खडक असेल तर त्रिकोणाचा कोणता कोपरा धरून चालणे शहाणपणाचे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या संपादकांनी श्लोकाश्लोकाला हेच केले. हस्तलिखिते एकमताची नसतात. त्यांच्यातील अंतर मान्य करून, प्रत्येक साक्षीची विश्वसनीयता तोलून, एक पाठ स्वीकारावयाचा आणि बाकीचे तळटीपेत जपून ठेवावयाचे. उपग्रहयंत्र स्थान सांगते, पण त्याची साक्ष कशी तोलली ते वापरणाऱ्याला दाखवत नाही. त्याचा निकाल घेण्यात गैर काही नाही. पण ज्याने एकदाही स्वतःच्या हाताने तो त्रिकोण काढलेला नाही, त्याला निकाल आणि निर्णय यांतील भेद कळण्याची दुसरी संधी सहसा मिळत नाही. आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीतही, शोधयंत्राने काढून दिलेला संदर्भ आणि स्वतः ताडून पाहिलेला संदर्भ यांत हाच भेद आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे: हौशी नाविकाला या विद्येची गरज नाही, आणि तिचे महत्त्व त्याच्याच हाती टिकणार आहे. त्याने उपग्रहयंत्र समुद्रात फेकावे असे मी म्हणत नाही. ते चालू ठेवून, त्याच्या साक्षीने आपला वेध किती चुकला ते पाहावे. आरंभी एका मोसमात मध्यान्हीच्या सूर्याचे वेध घेऊन रोज अक्षांश काढला तरी पुरे. त्याहून सोपे म्हणजे एक फळी व गाठींची दोरी घेऊन ध्रुवताऱ्याची अंगुळे मोजावीत.

आपल्यावरही काही काम येऊन पडते. आपण कोश आणि पोथ्या घेऊन बसतो; हे हौशी लोक समुद्रावर जातात; दोघांची गाठ पडत नाही. मराठी, कोकणी, कच्छी, मल्याळम आणि बंगाली यांतील सागरी शब्दांचा तुलनात्मक कोश ज्या दिवशी कोणी हाती घेईल, त्या दिवशी त्याच्या संपादक मंडळात एक तरी असा माणूस असावा ज्याने त्यातील शब्द हाताने वापरले आहेत. वारे, तारे, दोर, गाठी यांच्या नोंदी त्याच्यापुढे ठेवून, हे असेच करतात काय, असे विचारता आले पाहिजे. प्रिन्सेप यांना विचारण्यासाठी गोदीवर नावाडी मिळाला. आपल्यानंतरच्या अभ्यासकालाही कोणीतरी मिळावा, एवढ्यासाठी आज चारदोन हौशी माणसांनी ताऱ्यांकडे पाहत राहावे, आणि आपण त्यांना आपले सहकारी मानावे.